मिठाचा हात

त्या घरात मीठ एकाच हातानं पडायचं. नियम सासूबाईंचा. त्या नवी सून असताना एकदा आमटीत त्यांनीही मीठ घातलं आणि त्यांच्या सासूनंही घातलं, आणि पंगतीला बसलेल्या सोयऱ्यांनी पहिल्याच घासाला एकमेकांची तोंडं बघितली. तो अपमान सासूबाईंनी लोणच्यासारखा मुरवत ठेवला. स्वतःला दोन सुना आल्या तेव्हा त्यांनी वाटणीच करून टाकली. तिखटाची शेगडी थोरलीची, गोडाची धाकटीची, आणि मीठ फक्त थोरलीचं. धाकटीनं बरणीला हात लावायचा नाही. का? तर नाही. घरातले कायदे असेच होतात. एकीचं तोंड पोळतं आणि पुढच्या दोघींनी ताक फुंकून प्यायचं.

धाकटीचे केस पिकायला आले तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागलं असतं.

घर डब्यांवर चालायचं. मागची लांबट खोली, एकच खिडकी, तिच्याखाली ओट्यावर दोन मोठ्या शेगड्या. डावीकडच्या शेगडीवर थोरलीचा रस्सा, उजवीकडच्या शेगडीवर धाकटीचा शिरा किंवा खीर किंवा लाडवांसाठी भाजायचा रवा. डाव्या हाताच्या फळीवर मिठाची चिनीमातीची बरणी. ती तिथंच, कारण थोरली डावरी. सासूबाईंनी तिचा तो हात सरळ करायचा पुष्कळ प्रयत्न केला, चिमटे काढले, टोमणे मारले, पण थोरली हसून म्हणायची, "आई, उजव्यानं घातलं तर रश्श्याला कळतं हो, उसनं मीठ आहे म्हणून." डबे जायचे बस डेपोतल्या मेकॅनिकांना, छापखान्यातल्या माणसांना आणि दवाखान्याच्या चादरी धुणाऱ्या बायकांना. ही सगळी दिवसभर घाम गाळणारी माणसं. त्यांना मीठ कमी चालत नाही आणि जास्त तर अजिबात नाही.

दोघी जावांची कामाची एक तऱ्हा होती. रवा भाजताना मान वळवता येत नाही. नजर हलली की तळ लागला. म्हणून धाकटी शिऱ्यात मान घालून उभी असायची, तिच्या डाव्या कोपराला थोरलीचं उजवं कोपर लागलेलं. रव्याचा वास सुटला की ती कढईवरची नजर न काढता विचारायची, "पडलं का?" आणि थोरली म्हणायची, "पडलं." मग रश्श्यावर झाकण. दिवसातून एकदा एवढंच बोलणं झालं तरी पुरायचं. भांडण चालू असलं, एकमेकींची तोंडं बघायची नाहीत असं ठरलेलं असलं, तरी हे दोन शब्द चुकायचे नाहीत. भांडण भांडणाच्या जागी, मीठ मिठाच्या जागी.

थोरली गेली ती साध्या तापानं. साधा म्हणून अंगावर काढला. बाईचा ताप पातेली घासून झाल्यावरच मोजायचा असतो ना! मोजला तेव्हा उशीर झाला होता. घर काही दिवस सुन्न बसलं. मग डेपोतून निरोप यायला लागले. दुःख मान्य आहे वहिनी, पण दुपारी काय खायचं?

म्हणून एका सकाळी धाकटीनं दोन्ही शेगड्या एकटीनं पेटवल्या. डावीकडे वांग्या-बटाट्याचा झणझणीत रस्सा, उजवीकडे शिरा. मसाला थोरलीनंच कुटून ठेवलेला होता, तो मापानं घातला. रव्याचा वास सुटला तेव्हा तोंडातून सवयीनं निघून गेलं, "पडलं का?"

डाव्या कोपराशी कुणी नव्हतं. तिचे डोळे भरून आले, त्या भरात तिनं झाकण ठेवलं, डबे भरले, नवऱ्यानं ते स्कूटरला लटकवले आणि तो गेला.

दुपारी कढई घासताना तिच्या लक्षात आलं. मीठ घातलंच नव्हतं! इतक्या वर्षांत तिच्या हाताला मीठ ठाऊकच नव्हतं, ते तिच्या ध्यानात येणार कसं? तासाभरात नवरा परत आला. ती दारातच उभी राहिली, शिव्या खायच्या तयारीनं.

"काय म्हणाले?"

"कोण काय म्हणणार? डबे बघ. चाटूनपुसून दिलेत, धुवायची गरज नाही." त्यानं पिशव्या खाली ठेवल्या. "डेपोचा टाइमकीपर म्हणाला, थोरल्या वहिनी गेल्या, पण चव मागं ठेवून गेल्या."

ती आत धावली. पातेल्याच्या तळाशी उरलेला रस्सा बोटानं चाटला. मीठ होतं. बरोबर होतं. नुसतं बरोबर नाही, थोरलीचं होतं. थोरलीचं मीठ जिभेवर आधी लागायचं नाही, तिखट घशाखाली उतरताना मागून हळूच यायचं.

"अहो," ती बाहेर येऊन म्हणाली, "मीठ तुम्ही घातलंत?"

"मी? मी चहात साखर टाकताना तुला विचारतो. बरणीला हात लावला असता तर आईनं हात ठेवला असता का?"

दुसऱ्या दिवशी ती ठरवून उभी राहिली की आज लक्ष ठेवायचं. पण रवा भाजायला घेतला की रवाच दिसतो. "पडलं का?" तोंडातून गेलंच, उत्तर आलंच नाही, आणि रस्सा चाखला तर मीठ होतं. तिसऱ्या दिवशी तेच. मग तिनं एक युक्ती केली. बरणीभोवती फळीवर चिमूटभर रवा भुरभुरला. उंदीर असो, माणूस असो, पाय उमटल्याशिवाय राहणार नाही. डबे गेल्यावर बघितलं तर रव्यात बोटं उमटलेली. बाईची बोटं. धाकटीला भीती वाटली हे खरं. पण खरं सांगायचं तर नुसती भीती नव्हती. डाव्या कोपराला ऊब लागल्यासारखं झालं, इतके दिवस तिथं गार गार वाटत होतं.

तिनं कुणाला सांगितलं नाही. फक्त बरणी कधी रिकामी होऊ दिली नाही.

घरात आणखी एका माणसाला कळलं होतं. मोठे दीर, थोरलीचा नवरा. ते छापखान्यात मशीनवर होते आणि दुपारी जेवायला घरी यायचे. आधीच मितभाषी, बायको गेल्यावर तर तोंडाला कुलूपच. पण पहिल्या दिवशी रश्श्यात भाकरी बुडवून पहिला घास घेतला आणि त्यांचा हात थांबला. मान वर करून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग खाली मान घालून सगळं ताट पुसून खाल्लं. त्या दिवसापासून जेवायला बसताना ते दाराकडे तोंड करून बसायला लागले.

सासूबाईंचे डोळे मोतीबिंदूनं गेले होते, जीभ शाबूत होती. दोन्ही अर्थांनी. महिनाभर त्या गप्प जेवल्या. मग एक दिवस ताट बाजूला करून म्हणाल्या, "स्वयंपाकघरात थोरली आहे."

"आई, काहीतरीच काय!" धाकटीचा नवरा म्हणाला.

"मला शिकवू नकोस. तिचं मीठ मी झोपेत ओळखीन. जागा रिकामी ठेवली की गेलेलं माणूस उठत नाही. दुसरी बसवली की आपोआप उठतं." आणि मोठ्या मुलाकडे, म्हणजे तो जिथं बसला असेल असं त्यांना वाटलं तिकडे, तोंड करून म्हणाल्या, "तुझं लग्न करायचं. घराला मिठाचा हात पाहिजे."

"कशाला?" दीर एवढंच म्हणाले. "चव तर आहे."

"म्हणूनच."

बायकोची राख निवली नाही तोवर पुरुषाला दुसरी बघायला घेतात आणि वर सांगतात, चुलीसाठी हो, चुलीसाठी! चुलीला विचारलंय कुणी? धाकटी हे मनातल्या मनात म्हणाली, कारण तोंडानं म्हणायची तिची पायरी नव्हती. पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली. नवी येणार. डावीकडची शेगडी तिची, बरणी तिची. इतकी वर्षं एका थोरलीच्या कोपराला लागून उभं राहिल्यावर आता दुसऱ्या थोरलीच्या हाताखाली पुन्हा धाकटीच. आणि जी आहे, जी रोज न बोलता मीठ घालून जाते, ती कायमची उठणार. धाकटीला स्वयंपाकघर हवं होतं, सगळंच्या सगळं हवं होतं, आणि त्यात थोरलीही हवी होती. हे कुणाला सांगावं तर लोक म्हणाले असते, हिच्या डोक्याला भाजलेल्या मिरचीचा धूर लागला.

स्थळ आलं. बाई विधवा होती, भावाच्या घरी राहून शाळेच्या मुलांचे गणवेश शिवायची. भावाला ती जड झाली होती. त्यानं तसं बोलून दाखवलं नाही, पण जी माणसं 'माझी बहीण म्हणजे घरची लक्ष्मी' असं दहादा म्हणतात त्यांच्या घरात लक्ष्मी कुठं झोपते ते आधी बघावं. सासूबाईंनी अट घातली. बाईनं एक दिवस येऊन रस्सा करून दाखवायचा. बाजारात भोपळा घेताना आपण टिचकी मारून बघतो, बाईला स्वयंपाकाला लावून बघतात. भोपळ्याला निदान पहिला नवरा कशानं गेला ते विचारत नाहीत.

पाहुणी सकाळी भावाबरोबर आली. उंच, हडकुळी, बोटांवर सुयांचे डाग. चप्पल काढून सरळ आत आली आणि पदर खोचून म्हणाली, "कांदे कुठं आहेत? बसून राहिले की मला रडू येतं, कांदा चिरताना आलेलं बरं."

धाकटीला हसू यायला नको होतं, आलं. तिनं तोंड फिरवलं. "त्या पोत्यात."

"तुम्ही धाकट्या ना? मला सांगितलंय, मीठ तुमच्याकडं नाही म्हणून. हे काय प्रकरण आहे? आमच्याकडं ज्याचा हात मोकळा तो घालतो."

"इथं एकाच हातानं पडतं."

"आणि तो हात आता माझा होणार म्हणे." पाहुणीनं कांदा खच्चकन कापला. "मला विचारलं नाही कुणी. तुम्हाला विचारलं?"

"मला कोण विचारतंय!"

"मग आपलं दोघींचं एकच आहे," पाहुणी म्हणाली आणि कामाला लागली.

हात चांगला होता तिचा. कांदा नीट तांबूस होईस्तोवर दम धरला, वाटण तेल सुटेपर्यंत परतलं, मिरचीचा ठसका खिडकीबाहेर गेला तेव्हा रस्त्यावरून जाणारा कुणीतरी खोकला. धाकटी उजवीकडे आपला शिरा घेऊन उभी. डावीकडे कोपराला पाहुणीचं कोपर लागत होतं आणि ते टोकदार होतं, परकं होतं. पाहुणीनं पाणी घातलं, बरणी उचलली, मीठ घातलं, बरणी फळीवर ठेवली आणि कोथिंबीर निवडायला मागं सरकली. धाकटीला हे दिसलं नाही. रवा रंग बदलत होता. वास सुटला.

"पडलं का?" तिनं विचारलं.

मागून उत्तर आलं. "दोनदा पडलं. एकदा माझं, एकदा तुमचं."

धाकटीची मान पहिल्यांदाच कढईवरून वळली. पाहुणी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"बाई, मी नको असेन तर तोंडानं सांगायचं होतं. मी आनंदानं गेले असते. रस्सा कशाला नासवायचा?"

"मी? मी काय केलं?"

"माझ्या डोळ्यांसमोर डाव्या हातानं मूठभर घातलंत की! तिकडं बघितलंसुद्धा नाही तुम्ही. मी म्हटलं, काय ही सफाई!"

धाकटीनं खाली बघितलं. बरणीचं झाकण सरकलेलं होतं. तिच्या डाव्या हाताची बोटं वाफेनं ओली होती आणि त्यांना मिठाचे खडे चिकटले होते. तो हात तिच्याच खांद्याला जोडलेला होता. तिनं तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. ती उजव्या हाताची बाई. डाव्या हातानं तिनं कधी चमचा धरला नव्हता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आईशप्पथ, मला माहीत नाही हे."

पाहुणीनं तिच्याकडे निरखून बघितलं. शिवणवाली बाई, कापड खरं की खोटं ते दोन बोटांत ओळखणारी. तिचा राग हळूहळू उतरला आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं. ती एक पाऊल मागं सरकली.

"डावरी कोण होती?" तिनं हळूच विचारलं.

बाहेरून सासूबाईंची हाक आली. "ताटं घ्या गं! पाहुणे ताटकळलेत."

"बटाटा टाकू का?" पाहुणी घाईघाईनं म्हणाली. "कणकेचा गोळा?"

"शिजायला वेळ नाही."

आणि तेवढ्यात धाकटीच्या मनात तो विचार आला, कुणाच्याही मनात आला असता. काहीच करायचं नाही. तोंड मिटून रस्सा वाढायचा. बाहेर एक घास घेतला की सगळं आपोआप मिटतं. बाईच्या हाताला चव नाही, राम राम. शेगडी आपली, बरणी आपली, थोरली जिथं आहे तिथं.

तिनं वाट्या भरल्या. पाहुणीनं ताटं उचलली.

बाहेर चौघं बसली होती. सासूबाई, त्यांचे दोघे मुलगे, आणि पाहुणीचा भाऊ. पहिला घास त्यानंच घेतला, कौतुकानं, आणि त्याचे गाल आत गेले. त्यानं पाण्याचा तांब्या अर्धा रिकामा केला.

"अगं, काय हे!" तो बहिणीवर खेकसला. "एक काम सांगितलं, तेही धड करता येत नाही? घरी काय हात तुटतात का नीट करताना?" मग सासूबाईंकडे वळून आवाजाला तूप लावून, "सवय नाही हो एवढ्या स्वयंपाकाची. शिकेल, मार खाऊन शिकेल."

पाहुणी भिंतीला टेकून उभी होती. तिनं धाकटीकडे बोट दाखवलं असतं तर धाकटी कदाचित गप्प बसली असती, उलट भांडलीही असती. पण तिची नजर जमिनीवर, बोटांवरचे सुयांचे डाग चोळत उभी. अशी उभी राहायची तिला सवय होती हे दिसत होतं.

"मीठ मी घातलं," धाकटी म्हणाली.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "तू? तू बरणीला हात लावलास?"

"तिचं बरोबर पडलं होतं. वर माझं पडलं. तिचा काही दोष नाही."

"आजच्याच दिवशी बरा तुला मिठाचा पुळका आला!"

"आजच नाही, आई." आता सुरू झाल्यावर थांबता येईना. "जाऊबाई गेल्यापासून रोज मीच घालतेय. मला ठाऊक नव्हतं. डावा हात घालतो. माझं लक्ष नसताना."

"हात घालतो म्हणजे?" तिचा नवरा कसनुसं हसला. "हात काय भाडेकरू आहे का, आपला आपला स्वयंपाक करायला?"

मोठे दीर धाकटीकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे सरळ असं कधी बघितलं नव्हतं.

"रोज तूच?" त्यांनी विचारलं.

"हो, भाऊजी."

"पहिल्या दिवशीही?"

"हो."

त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. तो अगदी जपून ठेवला, काचेचा असल्यासारखा. "मला वाटत होतं," ते म्हणाले आणि तसेच उठले. दाराशी थांबून आईला म्हणाले, "मला लग्न करायचं नाही. या बाईंना उगीच त्रास दिला." मग मोरीवर जाऊन ते कितीतरी वेळ हात धूत राहिले. पाण्याचा आवाज थांबेना तेव्हा धाकटीला कळलं की आपण काय बोलून बसलो. थोरली एकदा तापानं गेली होती. आज तिला आपण नेलं.

पाहुणीचा भाऊ चप्पल शोधत पुटपुटत होता, हे कसलं घर, हे कसलं घर. पाहुणी आत आली, आपला पदर मोकळा केला आणि धाकटीच्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "बोललात ते बरं केलंत. नाहीतर माझा हात खारट म्हणून गावभर झालं असतं, मग गणवेशाला काजंसुद्धा करायला दिली नसती कुणी." मग ती घुटमळली. "एक सांगू? त्या हातात बांगड्या घाला. काचेच्या. हलला की वाजतील, तुम्हाला कळेल."

संध्याकाळी सासूबाईंनी धाकटीला जवळ बसवलं. चाचपडत तिचा डावा हात धरला, बोटं दाबून बघितली, तळव्याचा वास घेतला आणि सोडून दिला, पोळल्यासारखा.

"आजपासून बरणी तुझी," त्या म्हणाल्या. "पण उजव्या हातानं. डोळे उघडे ठेवून."

झालं. जे हवं होतं ते मिळालं. दोन शेगड्या, एक बरणी, घरात दुसरी बाई नाही.

एरवी धाकटी कणीक तिंबताना रुततात म्हणून बांगड्या काढून ठेवायची, आता तिनं डाव्या हातात काचेच्या बांगड्या चढवल्या. सकाळी रस्सा उकळला की रव्याची कढई उतरवून ठेवायची, वळायची, बरणी उघडायची, उजव्या हातानं, बघून बघून मीठ घालायची. डावा हात ओट्यावर निपचित पडलेला असायचा. एकदाही वाजला नाही. रस्सा कधी अळणी व्हायचा, कधी खारट. शिरा अर्धवट उतरवल्यामुळं त्याच्या गुठळ्या व्हायच्या. डबे अर्धे भरलेले परत यायला लागले. टाइमकीपरनं निरोप पाठवला, थोरल्या वहिनी रजेवर गेल्या काय? नवरा निरोप सांगून हसला आणि तिचं तोंड बघून लगेच गप्प झाला.

"आज कमी आहे का?" ती जेवणाच्या वेळी विचारायची.

"बरं आहे," मोठे दीर म्हणायचे. ते आता भिंतीकडे तोंड करून बसत. दोन घास खाऊन उठत. छापखान्यातून कुणीतरी नवऱ्याला सांगितलं, दादा मशीनजवळ उभ्या उभ्या डुलकी घेतात, एकदा बोटं जाणार त्यांची. सासूबाई ऐकून न ऐकल्यासारखं करत. आणि स्वयंपाकघर इतकं रिकामं झालं होतं की धाकटी आत शिरताना खाकरायची. आधी जी भीती वाटायची तीत कुणीतरी होतं. आताच्या भीतीत कुणीच नव्हतं.

एक दिवस सकाळी ती कांदा परतत होती तेव्हा दारात सावली पडली. मोठे दीर. कामावर जायचे कपडे घातलेले, हातात पिशवी नाही, काही नाही. त्या खोलीत ती एकटी असताना त्यांनी कधी उंबरा ओलांडला नव्हता. आज ओलांडला आणि कांद्याच्या पोत्यावर बसले.

"त्या दिवशी तू डावा हात म्हणालीस," ते म्हणाले.

"हो."

"तुझा उजवा आहे."

"हो, भाऊजी."

तिनं कांदा हलवला. मग ते जमिनीकडे बघत म्हणाले, "बांगड्या काढ."

धाकटीच्या हातातलं उलथणं थांबलं. "भाऊजी, माझा नवरा जिवंत आहे. बाहेर स्कूटरला लाथा मारतोय, ऐका. सकाळी सकाळी बांगड्या काय काढायला सांगताय?"

दीर कानापर्यंत लाल झाले. "तसं नाही गं. एकाच हातातल्या. तिला वाजलेलं आवडायचं नाही." त्यांनी घसा साफ केला. "आणि तू रवा घे भाजायला. नेहमीसारखा. हाताकडे बघू नकोस. मीही बघत नाही."

तिला सगळं कळलं. नाही म्हणता आलं असतं. सासूबाईंना हाक मारता आली असती. आता बरणी तिची होती. उजव्या हातानं मीठ घालत राहिली असती तर वर्षभरात अंदाज आला असता, कुणालाही येतो. पण बरणी तिची होती म्हणजे ती कुणाच्या हातात द्यायची, हेही तिनंच ठरवायचं. तिनं डावा हात साबणाच्या पाण्यात बुडवला, बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि खिडकीत ठेवल्या. डावीकडच्या कांद्यात मसाला, भाजी आणि पाणी घातलं, उजवीकडच्या शेगडीवर कढई चढवली. तूप, मग रवा.

"मग बोला काहीतरी," ती म्हणाली. "नुसतं बसलात तर माझं लक्ष जातं."

"काय बोलू?"

"काहीही. छापखान्यातलं."

दीरांना बोलायची सवय नव्हती. ते अडखळत सुरू झाले. म्हणाले, कागद दमट असला की दोन दोन एकदम ओढले जातात. मग म्हणाले, एकदा एका किराणा दुकानाचं कॅलेंडर छापलं, सगळा गठ्ठा बांधून झाला तेव्हा लक्षात आलं की एका महिन्यात मंगळवारच नाही. सोमवारच्या पुढं बुधवार.

"अय्या!" धाकटी म्हणाली. "मग?"

"मालक म्हणाला, टाकून द्या. दुकानदार म्हणाला, राहू दे, मंगळवारी माझं दुकान बंदच असतं."

धाकटी हसली. किती दिवसांनी हसली. दीरही हसल्यासारखे झाले, मान खाली घालूनच. डावीकडे रश्श्याला उकळी फुटली होती. रव्याचा रंग हळूहळू बदलत होता, तिची नजर रव्यावर होती आणि त्यांची जमिनीवर, आणि तिचा डावा खांदा किंचित गरम झाल्यासारखा तिला वाटला, की तो नुसता जाळ होता कुणास ठाऊक.

"थांबू नका," ती पटकन म्हणाली. "मग लोकांनी ते कॅलेंडर नेलं?"

"नेलं ना," दीर म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, तरी ते सांगत राहिले. "सगळ्यांनी नेलं."